सीओ मॅडमचं नाव

"पेशंटचं नाव?"

"सीओ मॅडम."

"नाव विचारतोय मी, नाव."

"तेच सांगतेय ना. सीओ."

सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरच्या खिडकीमागे बसलेल्या कारकुनानं पेन थांबवलं आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. सकाळचे सव्वाआठ झाले होते. माझ्यामागे सातआठ जणांची रांग होती. दहा पावलांवर स्ट्रेचरवर ती पडली होती. पोट दोन्ही हातांनी आवळलेलं, गुडघे छातीशी घेतलेले, ओठ पांढरेफटक. अर्ध्या तासापूर्वी अभ्यासिकेत माझ्या शेजारच्या टेबलावर चालू घडामोडींचं पान उलटता उलटता ती "आई गं" म्हणाली होती आणि खुर्चीसकट खाली कोसळली होती.

"सीओ हे काय नाव असतं होय, ताई? आडनाव सांगा, वडिलांचं सांगा, काहीतरी सांगा."

सांगायला मी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. मला तिचं नाव माहीत नव्हतं.

दोन वर्षं चार महिने आम्ही शेजारी बसत होतो. एका पंख्याखाली अभ्यास करत होतो, एका खाणावळीत जेवत होतो, एकमेकींच्या वह्या वापरत होतो. आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं. मी मागे वळून डीवायएसपीकडे पाहिलं. तिला उचलून रिक्षात घालणारा तोच.

"तुला ठाऊक आहे?"

त्यानं नुसती मान हलवली. चाळीस जणांच्या अभ्यासिकेत सगळ्यात जुना मेंबर तो, सगळ्यांची खडान् खडा माहिती ठेवणारा. त्याच्याही चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

हे कसं झालं ते सांगायलाच हवं, नाहीतर आम्ही सगळे वेडे होतो असं वाटेल. तसे थोडे होतोच. पुण्यातल्या पेठेतल्या, स्पर्धा परीक्षांच्या आमच्या त्या अभ्यासिकेत एक रीत होती. नवीन मुलगा किंवा मुलगी आली, की पहिल्या दिवशी तिचं 'बारसं' व्हायचं. वाटीभर गूळ-शेंगदाणे वाटले जायचे. मग डीवायएसपी विचारायचा, "कोणती पोस्ट?" तुम्ही जी सांगाल ती एका कार्डावर जाड मार्करनं लिहून तुमच्या टेबलावर चिकटवली जायची आणि तेच तुमचं नाव. मी तहसीलदार. ती सीओ, म्हणजे नगरपालिकेची मुख्याधिकारी. कोपऱ्यात दोन बीडीओ होते, त्यांना थोरला बीडीओ आणि धाकटा बीडीओ म्हणत. "जुनं नाव आजपासून बंद," डीवायएसपी ठणकावून सांगायचा. "नाव आता एकदाच वाचायचं, निकालाच्या यादीत." चुकून कुणी खऱ्या नावानं हाक मारली, तर दिवसभर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरायची शिक्षा. हजेरीच्या वहीतसुद्धा रोज सही आणि सहीखाली हुद्दा. खरी नावं असलेले फॉर्म मालकांच्या कपाटात होते, आणि मालक कपाटाची किल्ली घेऊन लग्नासाठी गावाला गेले होते.

आणि खरं सांगू का, मला ती रीत आवडायची. फार आवडायची. माझं खरं नाव हर्षला. हर्षला म्हणजे जिचं लग्न रखडलंय ती. हर्षला म्हणजे जी दोनदा थोडक्यात हुकली ती. हर्षलेला फोन आला, की पलीकडून कुणीतरी "मग, काय चाललंय सध्या?" असं विचारायचंच. तहसीलदाराला असलं काही कुणी विचारत नव्हतं. सकाळी सहाला अभ्यासिकेच्या पायऱ्या चढताना मी हर्षलेला चपलांबरोबर खालीच ठेवून जायची.

"मग काय लिहू?" कारकून वैतागला. "अनोळखी स्त्री लिहितो."

"अनोळखी नाही हो! मैत्रीण आहे माझी."

"मैत्रीण आहे, मग नाव सांगा की."

त्यानं केसपेपरवर लिहिलं, 'अनोळखी स्त्री, वय अंदाजे तीस', आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "आणणाऱ्यानं इथं सही करा. आणि बाजूला व्हा. हां, पुढचे कोण?"

माझ्या मागचा माणूस पुढे आला. त्याच्या हाताला टॉवेल गुंडाळलेला होता आणि टॉवेलातून रक्त ठिबकत होतं. मी खिडकीच्या कडेला कागद टेकवून सही केली. सही नेहमीसारखी झोकदार आली. रोज सकाळी हजेरीला करत होते तशीच. कागद आत सरकवला.

कारकुनानं तो उचलला, वाचला आणि चटकन उभा राहिला.

"मॅडम, आधी सांगायचं ना."

"काय?"

"या, आत या. इथं खुर्चीवर बसा. अहो, मॅडमचा पेशंट आधी घ्या तो!" तो आतल्या कुणाला तरी ओरडला. टॉवेलवाल्या माणसाचा अर्धवट लिहिलेला केसपेपर त्यानं बाजूला ठेवला. "तुम्ही थांबा जरा हो, मॅडम तहसीलदार आहेत."

मी त्याच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. सहीखाली माझ्याच अक्षरात, कंसात लिहिलेलं होतं, 'तहसीलदार'.

आता या क्षणी मी काय करायला हवं होतं ते शाळेतलं पोरही सांगेल. "नाही हो, मी फक्त अभ्यास करते," एवढं एक वाक्य. पण स्ट्रेचर हललं होतं. तिला आत नेत होते. डीवायएसपीनं माझ्या कोपराला हलकेच चिमटा काढला आणि कानाशी पुटपुटला, "गप की मॅडम. काम होतंय न्हवं?"

मी गप्प बसले. नुसती गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी त्या खुर्चीवर बसले. पाठ ताठ करून बसले. कारकुनानं "चहा मागवू का?" विचारलं, तेव्हा मी जराशी मान हलवून "नको, असू दे" म्हणाले, आणि ते इतकं सहज आलं की माझं मलाच नवल वाटलं. टॉवेलवाला माणूस माझ्याकडे पाहत होता. रागानं नाही. साहेबांकडे पाहावं तसं पाहत होता. मी नजर दुसरीकडे वळवली.

दहा मिनिटांनी एक तरुण डॉक्टरीणबाई घाईघाईनं बाहेर आल्या.

"त्या मुलीबरोबर कोण आहे? पोट लाकडासारखं कडक झालंय. जठराला भोक पडलंय असं दिसतंय. लगेच ऑपरेशन करावं लागेल. गोळ्या खात होती का ती? दुखण्याच्या?"

गोळ्या. तिच्या कंपासपेटीत पट्ट्याच्या पट्ट्या असायच्या. डोकं दुखतं म्हणायची. मीही एकदा त्यातली घेतली होती.

"हो. खायची."

"किती? किती दिवसांपासून? उपाशीपोटी?"

"माहीत नाही."

"दुसरा काही आजार? कुठल्या औषधाची अॅलर्जी? आधी कधी ऑपरेशन? पाळी शेवटची कधी आली होती?"

"माहीत नाही."

"लग्न झालंय?"

"मला... नसावं."

"अहो, तुम्ही कोण तिच्या?"

मी पुन्हा तोंड उघडलं. मला तिच्याबद्दल किती तरी माहीत होतं. मागच्या पूर्व परीक्षेत तिचे दोन गुण कमी पडले होते. पंचायत राजची कलमं तिला झोपेतून उठवलं तरी क्रमानं म्हणता यायची. गणितात ती मागे होती, भूगोलात माझ्या पुढे. सराव परीक्षांतले तिचे सगळे गुण माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले होते, शेजारी माझे. यातलं एकही त्या बाईंना सांगण्यासारखं नव्हतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"नातेवाइकांना फोन करा," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता. मला कुणाची तरी संमती हवी. अर्धा तास आहे आपल्याकडे, जास्त नाही."

तिचा मोबाईल डीवायएसपीच्या खिशात होता. साधा, बटणांचा, आम्हा सगळ्यांकडे असायचा तसला. लक्ष विचलित होऊ नये म्हणून. मी नावं खाली सरकवत गेले. थोरला बीडीओ, खाणावळ, डीवायएसपी, झेरॉक्स, तहसीलदार. एकही माणसाचं नाव नाही. शेवटी एक सापडलं, 'घर'. मी बटण दाबलं. चारपाच वेळा वाजल्यावर एका बाईनं उचललं.

"हां, बोल माय."

"मी... मी सीओ मॅडमची मैत्रीण बोलतेय, पुण्याहून."

"कोन?"

"हा फोन ज्यांचा आहे ना, त्यांची मैत्रीण."

"मंग सत्वी कुठंय? सत्वशीला? काय झालं माज्या लेकराला?"

सत्वशीला. मी ते नाव मनातल्या मनात दोनदा म्हटलं, विसरेन की काय अशा भीतीनं. मग जमेल तसं सांगितलं. पोटात दुखलं, दवाखान्यात आणलंय, ऑपरेशन करायचंय, डॉक्टर चांगल्या आहेत. बाई रडली नाही. "मी निघते," एवढंच म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी फोन हातात घेऊन स्पीकरवर तिला दोनचार प्रश्न विचारले. पूर्ण नाव सत्वशीला घोळवे, वय एकतीस, दुसरा आजार नाही, लग्न नाही, लहानपणी एका इंजेक्शनानं अंग सुजलं होतं. त्या शेवटच्या उत्तरावर डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचावल्या आणि चटकन नोंद केली. "हे बरं झालं कळलं," त्या म्हणाल्या.

"कागदावर सही कोण करणार?" त्यांनी फोनवर विचारलं.

"तितं कोन हाय तिच्यासंगं?"

"मी आहे," मी म्हणाले. "शेजारच्या टेबलावर बसते मी तिच्या."

"शेजारच्या? मंजी तहसीलदार मॅडम का तुमी?"

फोन स्पीकरवर होता. डॉक्टरीणबाई माझ्याकडे पाहत होत्या. डीवायएसपी पाहत होता.

"सत्वी लई सांगती वो तुमचं. माज्या डाव्या हाताला तहसीलदार मॅडम बसत्यात, समोर डीवायएसपी साहेब बसत्यात. दोन बीडीओ साहेब हायेत. लई मोटं ऑफिस हाय म्हनती. मॅडम, तुमीच करा सही. तुमी तिच्या हापिसातल्या, मी आडानी बाई. तुमच्या हातात हाय माजी लेक."

त्या माउलीला वाटत होतं, की तिची लेक दोन वर्षांपासून साहेबीण आहे. आमची कार्डं, आमची टेबलं, आमचे हुद्दे, सगळं तिच्यापर्यंत पोहोचलं होतं, आणि त्यातून पुस्तकं तेवढी गळून गेली होती. सत्वशीला तिच्याशी सरळसरळ खोटं बोलली होती का, कोण जाणे. मी तरी त्या खिडकीपाशी कुठे खोटं बोलले होते? मी फक्त सही केली होती. खुर्ची त्यांनी दिली होती.

संमतीपत्रावर 'सही करणाराचे पूर्ण नाव' असा रकाना होता. हर्षला दामोदर बोरोले. ते लिहायला मला खरंच वेळ लागला. नाते या रकान्यात मी 'मैत्रीण' लिहिलं आणि बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले.

ऑपरेशन दोन तास चाललं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा दमल्या होत्या, पण चेहरा सैल होता. "वाचली. अजून तासभर उशीर झाला असता तर मी काही सांगू शकले नसते. आता आठदहा दिवस इथंच राहील." मी भिंतीला टेकले आणि रडले. डीवायएसपी रडला नाही, पण खिशातून रुमाल काढून त्यानं नाक इतक्या जोरात शिंकरलं की वॉर्डातली आया त्याच्यावर खेकसली.

दुपारी आम्ही दोघं वॉर्डाबाहेरच्या, केसपेपरच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसलो होतो.

"आई आली की काय सांगायचं?" मी विचारलं.

"काय बी न्हाई. पोरगी उठू दे, बरी होऊ दे. काय सांगायचं ते तिचं ती सांगंल. आपुन मधी तोंड घालायचं न्हाई."

"आणि मला तहसीलदार म्हणाली तर?"

"म्हनू दे. रोज म्हनत्यात की."

त्याचं म्हणणं मला पटलं. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट, दुसरीचं गुपित. ते फोडायचा मला काय अधिकार? मी ठरवलं, काही बोलायचं नाही. आई येईल, लेकीला बघेल, आपण निघून जायचं.

ती आली तेव्हा चार वाजून गेले होते. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याशा गावाहून आधी जीप, मग एसटी, मग रिक्षा. काळीसावळी, उंच, कपाळ मोकळं, खांद्याला कापडी पिशवी. खिडकीपाशी जाऊन तिनं विचारलेलं मला ऐकू आलं. "सीओ मॅडम कुठं हायेत? सत्वशीला घोळवे?" कारकुनानं सगळे कागद चाळले. "सीओ वगैरे कुणी नाही, मावशी. घोळवे आहेत, सकाळच्या. त्या बघा, त्यांना तहसीलदार मॅडमनी आणलंय. तिथं बसल्यात त्या."

मी उठून उभी राहिले. तिनं मला हात जोडले. माझ्या आईच्या वयाची बाई.

"बसा ना, मावशी."

"न्हाई मॅडम. तुमी बसा. मी हाय उभी."

मी तिला वॉर्डात नेलं. सत्वशीला अजून गुंगीत होती. नाकात नळी, हाताला सलाईन. आईनं तिच्या पायाला हात लावला, मग कपाळाला. पाच मिनिटांनी आयानं बाहेर काढलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "धोका टळलाय, मावशी. डॉक्टर म्हणाल्या." तिनं मान डोलावली. मग पदराचं टोक हातात धरून ती माझ्यासमोर उभी राहिली, सरकारी कचेरीत अर्ज घेऊन उभं राहावं तशी.

"मॅडम, एक इचारू का? राग मानू नगा."

"विचारा ना."

"तिचा बाप गेला वो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी. दीड साल झालं. आमी सकाळच्यालाच फोन केला व्हता. तोंड बघून जा म्हनलं बापाचं. ती म्हन्ली, आई, सुट्टी न्हाई मिळाली. साहेब लोकं सोडनात म्हन्ली." तिचा आवाज वर चढला नाही, उलट खाली आला. "धा वाजल्यापसून चार वाजेस्तोर ठिवलं व्हतं आमी त्याला अंगनात. वाटलं, येईल. लोकं म्हनले, आता न्ह्याय लागंल. ती एकच लेक वो त्याची. मॅडम, तुमी तिच्या शेजारी बसता. तुमी साहेब हायेत. तुमी तरी सांगा, कामून दिली न्हाई वो सुट्टी? एका दिसाची?"

नागपंचमीचा दुसरा दिवस. मला तो दिवस आठवत होता. तारखेसकट आठवत होता, कारण त्या दिवशी आमची चौदावी सराव परीक्षा होती. सकाळी दहा ते बारा पहिला पेपर, तीन ते पाच दुसरा. सत्वशीला माझ्या उजव्या हाताला बसली होती. मधल्या सुट्टीत ती जिन्यात एकटीच उभी होती, आणि मला वाटलं होतं, उजळणी करतेय. संध्याकाळी गुण लागले तेव्हा ती पहिली आली होती. तोपर्यंत कुणालाच पडले नव्हते इतके गुण. अख्ख्या अभ्यासिकेनं टाळ्या वाजवल्या. "सीओ मॅडम, पेढे!" सगळे ओरडले. ती हसली होती. तिला हसताना मी पाहिलं होतं. आणि मी तिचे गुण वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतले होते, आणि जळले होते तिच्यावर.

मी बाकाची कड धरली. डीवायएसपी उठला आणि आमच्याकडे पाठ करून व्हरांड्याच्या कठड्याशी जाऊन उभा राहिला.

ती बाई थांबली होती. माझ्या तोंडून उत्तर येण्याची वाट बघत होती. ते उत्तर तिला दीड वर्षं हवं होतं, आणि तिला वाटत होतं, ते देऊ शकेल असं माणूस आज पहिल्यांदा समोर आलंय. मी गप्प राहिले असते, तर सुट्टी नाकारणारी मीच ठरले असते. त्याची मला पर्वा नव्हती, शपथेवर सांगते. पण ती बाई जन्मभर कुणा साहेबाला शिव्याशाप देत राहिली असती, आणि तिची लेक तिच्या शेजारी बसून ते ऐकत राहिली असती.

"मावशी," मी म्हणाले, "मी तहसीलदार नाही."

"आँ?"

"मी कोणीच साहेब नाही. हे पण डीवायएसपी नाहीत. आम्ही परीक्षेचा अभ्यास करतो. ते ऑफिस नाही, अभ्यासाची खोली आहे. आम्ही एकमेकांना त्या नावांनी हाक मारतो. खेळ म्हणून. सत्वशीलाही अभ्यासच करते. अजून."

खिडकीतला कारकून आपलं पेन हातात धरून माझ्याकडे बघत होता. बघू दे, असं मला वाटलं.

तिनं माझं बोलणं हळूहळू आत घेतलं. कपाळावर एक आठी आली, गेली, परत आली. मला वाटलं, आता ती ओरडेल, मला मारेल, निदान रडेल. तिनं फक्त विचारलं,

"मंग सुट्टी कोनी न्हाई दिली?"

"कोणीच नाही, मावशी. तिनं मागितलीच नव्हती. तिथं सुट्टी मागावी लागत नाही. उठून जायचं असतं."

ती बाकावर बसली. माझ्यासमोर बसणार नाही म्हणणारी ती बाई धपकन बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. मीही बसले. डीवायएसपी कठड्यापाशीच होता. त्याचे खांदे हलत होते, आणि या वेळी त्यानं रुमाल काढला नाही.

"उठून यायला भ्याली आसंल," ती शेवटी म्हणाली. "रिकाम्या हातानं कसं यावं म्हनली आसंल बापाम्होरं. त्यो काय मागत व्हता का तिला? निस्तं 'सत्वी आली का' एवढंच इचारायचा."

आतून आया आली आणि म्हणाली, पेशंट डोळे उघडतेय, आईला बोलवा. बाई उठली. दारापर्यंत गेली आणि वळली. आता तिच्या बोलण्यातला मॅडम गेला होता.

"तुजं नाव काय गं?"

"हर्षला. हर्षला दामोदर बोरोले."

"बाप हाय?"

"आहेत."

"कवा भेटलीस?"

मी हिशेब केला. दोन दिवाळ्या गेल्या होत्या. परीक्षा झाली की येते, असं मी दर वेळी सांगत आले होते. "बरेच दिवस झाले," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. दारात एक पाय आत, एक बाहेर.

"मंग हितं काय करायलीस माय? जाय की."